तुझी हिरवी काडी आणि मशिदीचा हौद

प्रिय इस्मत,

सलाम. तुझी, घरच्यांची आणि ताश्कंदच्या दुकानातल्या तुझ्या सगळ्या माशांची तब्येत उत्तम असावी. इथे मी बरा आहे. तुझी मावशीही बरी आहे आणि रोज नमाजानंतर तुझ्यासाठी दुआ मागते. मी मागत नाही. एका घरातून एकाने मागितली की पुरे.

नवरोजला तू मला काचेची पेटी, थोडे मासे आणि वीतभर हिरवी काडी भेट दिलीस. "आका, हिला मूळ नाही, माती लागत नाही, काही करावं लागत नाही. ही मरतच नाही," असं म्हणाला होतास. मला ते कौतुक वाटलं. (दुकानदाराच्या तोंडून धमकीसुद्धा कौतुकासारखीच निघते.)

मासे मात्र रीतसर मरू लागले. मावशीला त्यांची दया आली. तिच्या डोकेदुखीसाठी इमामसाहेबांनी कुराण पढून फुंकलेलं पाणी होतं, ते तिने पेटीत ओतलं. मासे तरीही गेले. आता पढलेलं पाणी मोरीत टाकता येत नाही, ते पायदळी येऊ नये, हे शहरात राहून तू विसरला असशील. मी ते अदबीने उचललं आणि मशिदीच्या हौदात सोडलं. काडीसकट, कारण तिनेही तेच पाणी प्यायलं होतं.

माझ्या वडिलांनंतर त्या हौदाची देखभाल माझ्याकडे आली, हे तू जाणतोस. लोक तिथे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुऊन वजू करतात, तुतीच्या सावलीत बसतात आणि पिकलेल्या तुती पाण्यात पडतात. काडीला एवढा पाहुणचार पेटीत कुठला मिळायला? उन्हाळा येईपर्यंत ती हौदभर झाली. वजू करणाऱ्यांच्या दाढीत हिरवे धागे अडकू लागले. मोहल्ल्याचे प्रमुख एर्गाश-आका मला म्हणाले, "हमराकुल, तू हौद सांभाळतोस की मळा?"

मग हशर पुकारला. घरटी एक माणूस कामाला आणि दुपारी सगळ्यांना पुलाव. लोक विळे, फावडी, दाताळी घेऊन असे तुटून पडले की काडीचे बारीक तुकडे झाले. पुलावाच्या कढया हौदातच धुतल्या, म्हणजे तीही जेवली. पंधरवड्यात पाणी दिसेना. तुला फोन केला तर तू हसत म्हणालास, "अहो आका, ती तोडायची नसते! तुटलेला प्रत्येक तुकडा म्हणजे नवी काडी. अख्खी अलगद उचलायची." (हे वाक्य नवरोजलाही तुझ्या तोंडातून बाहेर पडलं असतं, जागा होती.)

पुढे एर्गाश-आकांनी निदान केलं, की हे सगळं सावलीमुळे माजतं, ऊन लागलं की जळेल. मी म्हणालो, "आका, तिला ऊनच हवं असतं." ते म्हणाले, "हो का? मग तिला टोपीही शिवून दे." सगळे हसले आणि तुतीच्या फांद्या तुटल्या. त्यानंतर ती कशी फोफावली ते लिहीत नाही, तुला धंद्याचं सुचेल.

आता हौद बुजवून गाड्या लावायला जागा करायचं चाललं आहे. शुक्रवारी मोहल्ल्याची समिती ठरवणार. मी रोज पहाटेच्या नमाजानंतर पाण्यात उतरतो आणि तू सांगितल्याप्रमाणे अलगद काड्या उचलतो. खाली पाणी अजून पूर्वीसारखं स्वच्छ आहे. पण वरून ते कुणाला दिसत नाही, आणि समितीतलं कुणी पाण्यात उतरत नाही.

तुझ्यावर राग नाही. राग धरणं बरं नव्हे, म्हणून मी तो रोज उपटतो. बहुधा तोही तुटतो.

तुझा,
हमराकुल

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. गवत्या नावाचा मासा ही काडी चरून फस्त करतो असं ऐकलं. शुक्रवारच्या आत थोडी पिल्लं पाठव. मी एर्गाश-आकांना तुझ्या नावाने शब्द देऊन बसलो आहे.

ता. क. दुसरा. मासे पाठवू नकोस. निर्णय शुक्रवारी व्हायचा होता, पण मातीचे ट्रक बुधवारीच आले. पहिली खेप पडण्याआधी दुआ करायला, हौदाची देखभाल करणारा म्हणून, मलाच पुढे केलं. मी हात उचलले. सगळे आमीन म्हणाले. आता वजू नळावर करतो. नळ भिंतीला बसवला आहे, त्यामुळे हौदाची जागा पाठीमागे राहते. समितीने तेवढी एक सोय चांगली केली.