खुणेचा डबा

मंगळवार, १४ तारीख, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. तुझी दाढ आता ठणकत नसेल असं धरून चालते. इकडे आईचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, तोंड मोकळं आहे, त्यामुळे घर शिस्तीत चाललंय. डावखुरी व्हायचा सराव करतेय. काल डाव्या हाताने माझी वेणी घातली आणि म्हणाली, ‘बघ, उजव्यापेक्षा बरी.’ बरी नव्हती. मी दिवसभर तशीच फिरले.

माझं पत्र बघून तू आधी पाकीट उलटसुलट करून पाहिलं असशील. शाळा सुटल्यापासून सलग एक पान मी लिहिलेलं नाही, तेव्हा चुका पोटात घाल. फोन करणार होते. दोनदा केलाही. पहिल्यांदा तू म्हणालास, ‘तू घरी होतीस म्हणून बरं झालं,’ आणि मी म्हटलं, ‘हो.’ दुसऱ्यांदा तू मीटिंगमध्ये होतास, मला हायसं वाटलं. म्हणून लिहितेय. बोलताना मी कुठूनही निसटते, तुला माहीत आहे.

समुद्राकडचा लाकडी डेक सध्या बंद आहे. दोन्ही टोकांना दोरी बांधलीये आणि मध्ये खुर्ची आडवी टाकलीये. खालचा सांगाडा, म्हणजे खांब, तुळया आणि वासे, ठणठणीत आहे, त्याची काळजी नको. त्याचे नटबोल्ट मिस्त्रींनी स्वतः आणले होते. भानगड फक्त वरच्या फळ्यांची आहे. आई दाराशी खुर्ची घेऊन बसते आणि त्या दोरीकडे अशी बघते, जणू तिच्याच घराला कुणी सील ठोकलंय.

काय हौसेने केला होता रे. तुला त्या कॅटलॉगमधल्या प्लास्टिकच्या फळ्या हव्या होत्या, आईला फरशी. मिस्त्री म्हणाले, ‘भांडू नका, समुद्राला विचारू.’ तीन तऱ्हेच्या लाकडांचे वीत वीत तुकडे आणि तुझी प्लास्टिकची फळी दोरीला ओवून पंधरा दिवस खडकाला बांधून ठेवली. भरती आली की बुडायची, ओहोटीला वाळायची. मी रोज जाऊन बघायचे. माझा पाय कुठे पंधरा दिवस टिकला नाही, पण त्या तुकड्यांसाठी टिकला. एक तडकलं, एक काळं पडलं, तुझं प्लास्टिक वाकून धनुष्य झालं, आणि एक जसंच्या तसं. तेच घेतलं. मी निवडलं म्हणून तू फोनवर शाबास म्हणालास. आयुष्यात पहिल्यांदा बहुतेक.

आता गेल्या आठवड्याचं. तुला माहीत आहे तेच लिहितेय, पण तू ते तिकडून ऐकलंस, मी इथून बघितलं. शुक्रवारी सकाळी आई चहाचा कप घेऊन डेकवर गेली. कडेच्या फळीचं टोक वर आलं होतं, त्यात पाय अडकला. मनगट मोडलं. शेजारच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. मिस्त्री, त्यांची सून आणि दोन माणसं बाईंच्याच गच्चीचं माप घेत होती, तीही आली. तेवढ्यात तुझा फोन. आई पडली, स्क्रू गंजून फळी सुटली, एवढं मी सांगितलं. तू म्हणालास स्पीकरवर टाक. मी टाकला.

तू काय काय बोललास ते परत लिहीत नाही. ‘चोर’ तीनदा आला. ‘स्टीलचे स्क्रू म्हणून भंगार ठोकलंस’ हेही. ‘म्हातारीच्या जिवावर उठलास’ हेही. मिस्त्री तुझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे आहेत, दादा, आणि तू त्यांना अरे-तुरे करत होतास. सहा माणसं उभी होती. फोन माझ्या हातात होता. तू म्हणालास, ‘त्याला ऐकू जातंय का?’ तेव्हा मी फोन त्यांच्या आणखी जवळ नेला.

त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग वाकले, वर आलेल्या फळीचा स्क्रू खिशात टाकला आणि गेले.

आई हाक मारतेय. उरलेलं नंतर.

बुधवार, सकाळ

काल उरलेलं लिहिलं नाही. आईचं काम दोन मिनिटांचं होतं. मग मी बंदरावर गेले, मग एका माणसाशी जाळ्यांवरून गप्पा मारल्या, मग मांजरीची पिल्लं बघितली. चार पिल्लं आहेत, एकाला शेपूट अर्धंच. बघ, परत.

तर आता सरळ लिहिते. ते स्क्रू मिस्त्रींचे नव्हते, माझे होते.

मिस्त्रींची एक पद्धत आहे. खाऱ्या वाऱ्यात साधा स्क्रू सहा महिन्यांत कुजतो, फक्त चांगलं स्टील टिकतं, आणि दिसायला दोन्ही सारखेच चकचकीत. म्हणून ते खिशात सुताला बांधलेलं लोहचुंबक ठेवतात. दुकानात सगळे स्क्रू काउंटरवर पसरतात आणि वरून चुंबक फिरवतात. जो चिकटला तो साधा, तो परत. उरलेले पत्र्याच्या डब्यात भरतात आणि निळ्या पेन्सिलने अशी रेघ ओढतात की अर्धी झाकणावर, अर्धी डब्यावर. एकदा खूण झाली की तो डबा परत तपासायचा नाही. दुकानदार हसत होता, ‘मिस्त्री, सोनं घेताय का?’ ते म्हणाले, ‘सोनं कुणी पायाखाली घालत नाही. हे घालायचंय.’

त्या दिवशी ते फळ्यांबरोबर टेम्पोत बसले आणि डबा माझ्याकडे दिला. स्कूटरने वीस मिनिटांचा रस्ता. म्हणाले, ‘पोरी, सरळ घरी.’

बंदराच्या उतारावर एक मोठी होडी पाण्यातून वर ओढत होते. तीसेक माणसं दोराला लागलेली, पोट लालभडक, त्यावर हे एवढाले शिंपले. मी कशी पुढे जाणार? स्कूटर उतारावरच उभी केली. ती कलंडली, डबा उडाला, झाकण एकीकडे, स्क्रू उतारावरून घरंगळत थेट पाण्यात. निम्म्याहून थोडे जास्त वेचले. बाकीचे होडीखाली आणि समुद्रात.

इथपर्यंत नुसता वेंधळेपणा होता. मिस्त्रींना सांगितलं असतं तर चार शिव्या घालून परत दुकानात गेले असते. पण मी त्याआधी दोनदा त्यांचं सामान आणायला उशीर केला होता, आणि त्यांची सून म्हणाली होती, ‘हिच्या हाती काही देऊ नका, ही वाऱ्यावरची वरात आहे.’ मला तिला खोटं पाडायचं होतं. म्हणून नाक्यावरच्या दुकानातून तेवढ्याच लांबीचे, तसेच चमकणारे घेतले. दुकानदारीण म्हणाली, ‘समुद्राकडे लावणार असाल तर हे नकोत.’ मी म्हटलं, ‘नाही, घरातलं कपाट आहे.’

आणि मग स्कूटरवर बसून मी डब्यात सगळे एकत्र केले, झाकण लावलं आणि निळी रेघ रेघेला जुळेपर्यंत हळूहळू फिरवलं. एकदा थोडं पुढे गेलं, मागे आणलं. हे लिहायलाच मला दोन दिवस लागले, दादा. बाकीचं चुकून झालं म्हणता येईल. झाकण चुकून फिरवता येत नाही.

दोन महिन्यांत काही स्क्रूंच्या भोवती तांबडे ओघळ दिसायला लागले. आईने विचारलं, मी म्हटलं लाकडाचा रस आहे. पॉलिशपेपर घेऊन घासून काढले. परत आले, परत घासले. तुला वाटायचं मी डेकची किती निगा राखते. आई तुला फोनवर कौतुकाने सांगायची आणि मी बाजूला तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचे.

तुझ्या त्या फोनचं पुढे काय झालं ते ऐक. डॉक्टरीणबाईंनी गच्चीचं काम थांबवलं. त्यांची तरी काय चूक, सगळं कानांनी ऐकलं होतं. त्यांच्याकडून ते बोलणं पुढच्या बंगल्यात गेलं, तिथलंही काम गेलं. सोमवारी गच्ची दुसऱ्या सुताराला द्यायची असं ठरलंय. चाळीस वर्षं ज्यांनी या किनाऱ्यावर दारं-खिडक्या बसवल्या, त्यांना परवा वखारवाल्याने म्हणे विचारलं, ‘मिस्त्री, चुंबक हरवलं का?’

बुधवार, संध्याकाळ

सकाळी वरचं लिहून झालं आणि मी पिशवी भरली. खरं सांगते. आजच्याच बसने मैत्रिणीकडे फळबागेत कामाला जायचं होतं. पत्र तुला टाकायचं आणि काढता पाय घ्यायचा, असा बेत. पिशवी खांद्याला लावून निघाले ती बस स्टँडच्या रस्त्यानेच, पण वाटेत मिस्त्रींचा कारखाना लागतो आणि आतून रंध्याचा आवाज नव्हता. त्या कारखान्यात दिवसा आवाज नाही असं मी कधी पाहिलं नव्हतं. आत गेले.

मिस्त्री स्टुलावर बसून पटाशीला धार लावत होते. सून फळीवर पॉलिशपेपर मारत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. होडी, नाक्यावरचं दुकान, झाकण, सगळं. मला वाटलं पटाशी फेकून मारतील.

म्हणाले, ‘माहीत आहे.’

‘कधीपासून?’

‘तुझी आई पडली त्या दिवसापासून. खिशातल्या चुंबकाला स्क्रू चिकटला तेव्हाच.’

‘मग बोलला का नाहीत? सगळ्यांसमोर?’

‘डबा माझ्या खुणेचा होता. खूण केली की आतला माल माझा. ठोकताना परत तपासला नाही, ती माझी चूक.’ पटाशी उजेडात धरून धार बघत म्हणाले, ‘चोर म्हटलं, ते मात्र माझं नाही. ते कुणाचं आहे ते तुझं तू बघ.’

‘मी माफी मागते, मिस्त्री.’

‘माग की. पण मला एकट्याला कशाला? मला तर आधीच माहीत होतं.’

सुनेने हातातला पेपर खाली ठेवला. ‘सासरे बोलणार नाहीत, मी बोलते. तुझा भाऊ बोलला ते मी विसरेन. त्याला काय माहीत. पण तू फोन त्यांच्या तोंडापाशी नेलास. मी बघत होते. आणि आता पिशवी घेऊन आलीस. बस कितीची आहे?’

मी म्हटलं, ‘पावणेपाचची.’

‘जा मग, चुकेल.’

बाहेर आले. मैत्रिणीला कळवलं की माझी जागा दुसरीला दे. मग त्याच पिशवीसकट डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या चहाला बसत होत्या. सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, ‘हे तू सांगतेस. उद्या तुझा भाऊ म्हणेल, पोरीला मिस्त्रीने फितवलं. ज्याने नाव घालवलं, त्यालाच बोलू दे. रविवारपर्यंत थांबते.’ मला राग आला, पण बरोबर बोलल्या. माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवील? मीही ठेवला नसता.

राहिली आई. तिला सांगणं सगळ्यात अवघड. म्हणून तोंडी सांगितलंच नाही, हे पत्र पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. वेणीच्या जागी जरा हसली. ‘लाकडाचा रस’ आलं तेव्हा प्लास्टरकडे बघत राहिली. झाकणाच्या जागी मी अडखळले तर म्हणाली, ‘वाच.’ वाचून संपलं. मी म्हटलं, आई, शिवी दे. तर म्हणाली, ‘हात पाच आठवड्यांनी सुटेल. त्या माणसाचं काय?’

मग म्हणाली, ‘लिही त्याला.’ आता जे लिहितेय ते आईचं आहे, तिच्याच शब्दांत.

‘पत्र शनिवारी मिळेल. मिळालं की लगेच फोन करून हिच्यावर ओरडू नकोस, ते नंतर कर, मीही करणार आहे. रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही मिस्त्रींच्या कारखान्यात असू. डॉक्टरीणबाई येतील, त्या दिवशी होती ती सगळी माणसं येतील, त्यांना हीच जाऊन बोलावणार आहे. तिथे फोन कर. स्पीकरवर बोलायचं आहे. मिस्त्रींना अहो म्हण. आधी ही बोलेल, मग तू. फोन मी धरीन, डावा हात चांगला आहे.’

आईचं संपलं. माझं एवढंच. मी बोलताना आवाज थांबला, तर मध्ये बोलून मला सोडवू नकोस, दादा. लहानपणापासून तेच करत आलास.

तुझी धाकटी बहीण,
डबा मीच भरला होता.