एका गळ्याची चौघांत वाटणी

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा इसम, वय एकाहत्तर, धंदा गाणी लिहिणे आणि गाणे, आज पूर्ण शुद्धीत असून (डॉक्टरांनी हे नाइलाजाने मान्य केले आहे) आणि माझ्यावर कोणाचेही दडपण नसताना (बायको बाहेरच्या खोलीत आहे) माझ्यामागे कोणाला काय मिळावे ते लिहून ठेवतो. याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत, विशेषतः आक्काने केलेले.

कलम एक. मी कोण, याचा खुलासा. मी तीन सोंगांत गायलो. खलाशी, जो बंदरातली चावट गाणी म्हणे आणि ज्याने समुद्र पाहिलेला नव्हता. आक्का, जी तोंडावर शाल घेऊन रेडिओवर लोकांच्या घरगुती प्रश्नांना गाऊन उत्तरे देई. आणि फाटका, जो साऱ्या जगावर चिडलेला असे आणि जेवून लवकर झोपे. तिघांच्या तीन खुर्च्या बाहेरच्या खोलीत आहेत. ज्याच्या खुर्चीत बसावे त्याचेच गाणे सुचते, हा माझ्या कामाचा नियम. घरातही तो पाळला जातो: खुर्चीत जो बसला असेल त्याच्याशीच बोलायचे. मी स्वतः स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसतो. सही खुद्द मीच केली पाहिजे असे वकील म्हणाले, म्हणून आज सगळे स्वयंपाकघरात दाटीवाटीने उभे आहेत.

स्वतःच्या नावाने मी एकदाच गाणी काढली. तेव्हा एका समीक्षकाने लिहिले की हा नवखा गायक खलाशाची नक्कल करतो आणि तीही त्याला जमत नाही.

कलम दोन. राहते घर बायकोला. त्यावर कोणी हक्क सांगू नये, फाटक्याच्या चाहत्यांनी तर मुळीच नाही.

कलम तीन. आक्काची शाल माझ्या थोरल्या भावाला. एकदा त्याने रेडिओवर फोन करून विचारले होते, "आक्का, धाकटा कामाचा नाही, नुसती गाणी करत बसतो. त्याला घराबाहेर काढू का?" आक्काने गाऊन सांगितले, "बाळा, मोठी खोली त्याला दे, तू जिन्याखाली झोप." त्याच संध्याकाळी दादा गादी घेऊन जिन्याखाली गेला. माझे त्याने जन्मात एक वाक्य ऐकले नाही. शाल त्याने धुऊ नये, विरते.

कलम चार. फाटक्याने चाल चोरली म्हणून आक्काने त्याच्यावर लावलेला खटला मी मागे घेतो. हा कागद लिहून घेणारे वकीलच दोन्ही बाजूंनी लढले आणि दोन्हीकडून हरले. फाटक्याची खुर्ची त्यांना द्यावी. तिचा एक पाय आखूड आहे.

कलम पाच. खलाशी मेला आहे आणि मेलेलाच राहील. बायको त्याच्या विनोदांना पोट धरधरून हसायची. तेच विनोद मी स्टुलावरून केले की म्हणायची, "भाजी करपतेय, जरा सरका." आपल्याच घरात परक्या माणसाचे हे कौतुक कोणी किती सोसावे? मी त्याला वादळात बुडवला आणि वर्तमानपत्रात बातमी दिली. शोकसभेत फाटका फार छान बोलला. मलाच रडू आले. तेव्हापासून बायको माझ्याशी बोलत नाही. काही सांगायचे असले की मला आक्काच्या खुर्चीत बसवते आणि म्हणते, "आक्का, त्यांना सांगा, गॅस संपलाय." मग मी उठून स्टुलावर जातो आणि मला गॅस संपल्याचे कळते.

मी मरण्यापूर्वी तिने एकदा स्टुलावरच्या मला "अहो" म्हणावे, एवढीच माझी इच्छा आहे. इच्छा मालमत्तेत मोडत नाही, असे वकील म्हणतात. तरी लिहावी.

कलम सहा. खलाशाची खुर्ची बायकोला. तिच्यात कोणी बसू नये. स्टूल कोणाच्याच उपयोगाचे नाही. ते माझ्यामागे मोडून जाळावे.

वकील हे कलम मोठ्याने वाचत असताना बायको आत आली. पुढे जे झाले तेही या कागदात यावे असा माझा आग्रह आहे.

ती म्हणाली, "अहो, स्टूल कशाला जाळताय? माळ्यावरचे डबे मी कशावर चढून काढू?"

वकील म्हणाले, "वहिनी, हे आक्कांना सांगायचं ना?"

"आक्का गेली चुलीत. मी यांच्याशी बोलतेय. उठा."

मी उठलो. तिने स्टूल ओढले आणि वर चढली.

"मग मी सही कुठे बसून करू?" मी विचारले.

"खलाशाची रिकामी पडलीय की."

"तिच्यात बसलो तर सही त्याची होईल."

"खुर्चीला काय कळतंय कोण बसलंय ते?" साखरेचा डबा खाली देत ती म्हणाली. "स्टुलावर बसून विनोद सांगताना तुम्ही सारखं माझ्या तोंडाकडे बघता, हसतेय की नाही म्हणून. असं कोणाला हसू येतं का? तो बघत नव्हता."

मी डबा वकिलांच्या हातात दिला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन खलाशाच्या खुर्चीत बसलो.

सबब कलम पाच आणि सहा रद्द. खलाशी बुडाला होता, तो पोहत किनाऱ्याला लागला आहे. त्याची खुर्ची मी हयात असेपर्यंत माझ्याकडे राहील. स्टूल बायकोला, आजपासूनच.

हा सर्व मजकूर मी ऐकला, तो मला कबूल आहे. बंदरातला एक जुना विनोद सांगत सांगत मी सही करत आहे. बायको समोर चहाचा ट्रे धरून उभी आहे. मी तिच्या तोंडाकडे पाहणार नाही. साक्षीदारांनी पाहावे.

ठिकाण: बाहेरची खोली, खलाशाची खुर्ची.
तारीख: आजची, चहा गरम असतानाची.
सही: माझी. एकच.

साक्षीदार:
एक, ड्रम वाजवणारा, टोपणनाव बेताल. सही माझ्यासमोर झाली.
दोन, तिघांचे कपडे एकाच मापाने शिवणारा शिंपी. सही माझ्यासमोर झाली. वहिनी हसल्या. ट्रेमध्ये चहा सांडला.