विहिरीचा दुसरा स्रोत

मंगळवार, संध्याकाळ

सातवीला संगणकावर माहिती शोधून स्लाइड करायला दिल्या होत्या, ‘खराडी: आधी आणि आता’. तन्वीला मी सहज बोलून गेले, त्या काचेच्या आयटी पार्कच्या जागी आमची विहीर होती, दादा आणि मी तिथेच पोहायला शिकलो. पोरीने विहिरीची स्लाइड केली. आज विचारते, "बाई, नेटवर विहीर कुठेच नाही. दोन स्रोत हवेत म्हणता ना? एक तुम्ही. दुसरा कोण?"

नियम माझाच. काढून टाक म्हटलं. तिने काढली. तिचं काय चुकलं?

घरी आले तरी विहीर डोक्यातून जाईना. दुसरा स्रोत दादा होता. गेल्या दिवाळीत गेला. खालून, पाण्यातून ओरडायचा, "मार उडी, मी हाय की."