आठ मिटले, आठ उघडे

७ मार्च, गुरुवार
पुन्हा मिटले! आठच्या आठ शिंपले, दहा वाजून वीस मिनिटांनी. सलग तिसरा गुरुवार.
प्रत्येकाच्या एका झाकणावर चुंबक, दुसऱ्यावर वायर चिकटवली आहे. उघडझाप झाली की संगणकावर रेघ हलते. टाकीत पाणी पंपाने थेट बंदरातून येतं. पाणी बरं असेल तर तोंड उघडून बसतात, विषारी आलं की गप्प. आणि आम्ही तपासणीसाठी पाण्याच्या बाटल्या भरतो सोमवारी! बंदरात सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याला हे ठाऊक नसेल असं मानायला मी काही दूधखुळी नाही.

८ मार्च
साहेबांना आलेख दाखवला. त्यांनी टाकीवर टकटक केलं. आठही मिटले.
"बघा! गुरुवारी खाली मालाच्या गाड्या येतात, त्या हादऱ्याने मिटतात बिचारे. पुढच्या गुरुवारनंतर हे लटांबर आवरा."
वर हसले. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

९ मार्च
वाट त्यांनीच दाखवली की! त्याच टेबलावर दुसरी टाकी मांडली. आणखी आठ शिंपले, पण पाणी आम्ही तयार केलेलं — गाळलेलं, समुद्री मीठ मोजून घातलेलं. हादरा असेल तर सोळा मिटतील. विष असेल तर आठच.

११ मार्च
वहिनी जेवताना म्हणाली, "वन्सं, कारखाना बंद पडला तर ह्यांच्या नोकरीचं काय?" दादा खाली मान घालून जेवत होता. तिचं चुकत नाही.
तरी माघार नाही.

१४ मार्च, गुरुवार
दहा वीस. बंदराचे आठ मिटले. शेजारचे आठ — उघडेच! खाली गाड्या धडधडत होत्या. साहेब माझ्या शेजारीच उभे.
"लिहा अहवाल," म्हणाले. मग दारातून, "पण कारखान्यातलं कोणी बोललं नाही तर वरचे लोक शिंपल्यांचं ऐकणार नाहीत, बाई."
ऐकायला लावीन!

१५ मार्च
अहवाल झाला. दादाला न दाखवता पाठवणार नाही. त्याच्या डब्याशेजारी ठेवला आहे. तो काहीही म्हणाला तरी सोमवारी पाठवणार.

१६ मार्च
अहवाल माझ्या टेबलावर परत. "दहा वीस" खोडून दादाच्या अक्षरात — "दहा पंधरा. पाणी तुमच्या पंपापर्यंत यायला पाच मिनिटं लागतात. सांडपाण्याची झडप मीच उघडतो."
खाली पूर्ण सही.