नळातून आलेली हवा

सर, एक गंभीर तक्रार आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमचा तो आवडता जुना विनोदी सिनेमा आता फोनवर फुकट दिसतो. पण त्यात मंत्रिमहोदय फीत कापून नव्या नळाची तोटी फिरवतात, नेमकी तेव्हाच पाणी शुद्ध करायच्या यंत्राची जाहिरात लागते. या रसभंगाला प्रायश्चित्त कुठल्याच शास्त्रात सापडलं नाही.

डोंबिवलीच्या तुमच्या घरी शनिवारी संस्कृतचा तास संपला की तुम्ही व्हीसीआर लावायचात. नळातून नुसती हवा येते, तरी गाव टाळ्या वाजवतं, तिथे टेप थांबवून विचारायचात, "बोला, नाट्यशास्त्रातलं हे कुठलं हसू, स्मित की हसित?" एकदा मी आधीच हसलो तर म्हणालात, "अरे, विनोद यायच्या आधी हसतो तो रसिक नव्हे, चमचा!" आणि तो एक शनिवार. वडिलांची कळव्याची कंपनी त्याच आठवड्यात बंद पडलेली. बाकीची मुलं हसून लोळतायत, मी नळाकडे बघत बसलोय. तुम्ही मला आत स्वयंपाकघरात नेता, काकूंनी केलेला सांजा पुढे ठेवता आणि हळूच विचारता, "घरी काय झालंय रे?" मी रडलो. सांजा मात्र संपवला.

काल लेकीला तोच सिनेमा दाखवला. ती माजिवड्याला नोकरीला जाते, आणि घरी आली की खोलीचं दार लावून घेते. नळ आला तसा मी तिच्या आधी हसलो, जरा मोठ्यानेच. चमचाच झालो म्हणा.

"बाबा, यात जोक काय आहे? आपल्याकडे असंच तर असतं."

खाली सोसायटीत टँकर लागलेला. तिचं चुकलं कसं म्हणू?

"अगं, तोच तर उपहास..."

"तू हस ना बाबा. मला नाही हसू येत हल्ली."

त्या 'हल्ली'वर मी काय केलं असेल? उपहास आणि उपरोध यांतला फरक समजावून सांगितला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि दार लावून घेतलं.

लोक हसायचे थांबलेत, असं मी चारचौघांत तावातावाने बोलतो. खरं सांगायचं तर लोकांची मला काही पडलेली नाही. आज सकाळी मी सांजा केला, तिच्यापुढे ठेवला. तुमचा प्रश्न अगदी ओठांवर आला होता. म्हटलं काय, तर "साखर हवी का वरून?" ती नको म्हणाली आणि अर्धी बशी तशीच ठेवून गेली.

तुम्हाला लिहिणं सोपं आहे, सर. तुमच्याकडून उत्तर येत नाही. तिला विचारलं तर येईल, आणि मला त्याचीच भीती वाटते.