घेवड्याच्या दोन कुंड्या

प्रिय धाकटे,

सोमवारी सकाळी नवी तुकडी यायच्या आधी मी वर्गाच्या खिडकीत दोन कुंड्या ठेवल्या. एकीत आपलं कंपोस्ट, दुसरीत नुसती माती. दोन्हींत चार-चार दाणे घेवडा पेरला. नवशिक्यांना सेंद्रिय शेती शिकवण्यात माझी पंचवीस वर्षं गेली, पण ते आठ दाणे दाबताना मीच नवशिका वाटलो.

तू हे दोन वर्षांपूर्वीच केलं होतंस. वीस वर्षं शिवणयंत्र चालवून, पाव एकर भाड्यानं घेऊन तू माझ्याच वर्गात आलीस, तेव्हा आईचा जीव वरखाली होत होता आणि माझी छाती फुगली होती. पहिल्याच आठवड्यात खताच्या ढिगापाशी उभी राहून विचारलंस, दादा, हा पेंढा कुणाच्या शेतातला? त्यानं तणनाशक मारलं होतं का? मी म्हटलं, अगं, शेजाऱ्याकडचा आहे, सहा महिने कुजलाय, आता काय राहतंय त्यात! पण कापड भिजवून आटतंय का ते पाहिल्याशिवाय तू कधी कात्री लावली नाहीस. तुला ते पटणार कसं?

पंधरा दिवसांनी तू दोन कुंड्या वर्गात आणल्यास. मातीतला घेवडा सरळ, खतातल्याची पानं मुठीसारखी वळलेली. आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, बाईसाहेब, रोपाला पाणी घालायचं असतं, पायडल मारत बसायचं नसतं! वर्ग हसला. तूही हसलीस. दुसऱ्या दिवशी तुझी कुदळ धुऊन कोपऱ्यात ठेवलेली होती, तू नव्हतीस.

ते खत मी अकरा जणांच्या वाफ्यांत घातलं. टोमॅटोची पानं तशीच वळली तेव्हा पेंढ्यातलं तणनाशक खतात उतरलंय हे मला कळलं होतं, तरी मी रोग पडलाय म्हणून सांगितलं. तुझ्या शेजारच्या वाफ्यातले ते निवृत्त बसड्रायव्हर म्हणाले, मास्तर, आमच्या हातालाच गुण नाही. पिशवी उचलून चालू लागले. मी अडवलं नाही. तेव्हापासून रोज सकाळी देवापुढे हात जोडले की आधी त्यांची पाठ दिसायची.

गेल्या महिन्यात ते पाटीभर घेवडा घेऊन दारात उभे! म्हणाले, ताईंनी पुन्हा शेतीला लावलं. तुझ्या बांधाला लागून त्यांनीही तुकडा घेतलाय. उताराला आडव्या ओळी, कडेला पाखरांसाठी राखलेली झुडपं, नवं खत आलं की आधी कुंडीत परीक्षा. चुकलं तर ताई रागावत नाहीत, उसवून पुन्हा घालायला लावतात, म्हणाले. शिवणकाम अजून सुटलेलं नाही तर तुझं! ऐकता ऐकता मी त्यांना तीनदा चहा पाजला. मग भीत भीत विचारलं, त्या टोमॅटोंबद्दल ती काही बोलली? नाही हो, मला एवढंच म्हणतात, काका, तुमचा हात चांगलाय. आणि दादा जीव ओतून शिकवतो, असंही.

तू माझी चूक झाकलीस, धाकटे. मोठा मी, पण मोठेपण तुझं. इतका अभिमान मला स्वतःच्या कुठल्याच पिकाचा वाटला नव्हता. आणि त्याच वेळी मान वर होईना.

म्हणून हे पत्र. दोन वर्षं उद्यावर ढकललेलं काम सोमवारी केलं. ड्रायव्हरांना आणि जुन्या तुकडीतल्या सगळ्यांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. नव्यांच्या समोर, फळ्यापाशी उभं राहून पेंढा, शेजारी, तणनाशक, माझा विनोद आणि माझं खोटं, सगळं सांगितलं. ही परीक्षा मला माझ्या बहिणीनं शिकवली आणि मी तिला हसलो, हेही. यापुढे पहिला धडा हाच राहील. मग ड्रायव्हर उठले, स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, म्हणजे ताई मला नुसता धीर देत नव्हत्या तर!

तुझाच,
दादा