गिझर नवा घ्याचा का जुनाच

दिपाली,

तू झोपली होती म्हणून उठवलं नाही. कापूस वेचाले बाया येऊन राह्यल्या, म्हणून वावरात चाललो. चुलीवर पाणी तापत ठेवलं हाय. गिझरचं बटन दाबू नको, करंट मारते.

बाभुळगावचा शादाब मिस्त्री येईन. टाकी सडली, नवीनच घ्या, म्हणते तो. मी म्हणतो, रिपेर कर. तुही आई गेल्यापासून मले एकट्याले बादलीभर पाणी पुरते. आता तुले पटन तसं ठरव.

काल तू चिडली, "बाबा, दिवाळीपासून गिझर बिघडला अन् फोनवर काहून नाही सांगितलं?" सांगतलं असतं, तं तू पुण्याहूनच नवीन पाठवला असता. आली नसती.

दुपारी येतो. मी येईपर्यंत निघू नको.

बाबा